शिशिरातली पानगळ: कोल्हापूरच्या बागांतले रंग टिपताना आणि एडिट करताना

तांबडमाती
२५ जानेवारी, रात्री ९:१०

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की परदेशातल्या लालबुंद मेपलचे फोटो फिरायला लागतात आणि खाली कुणी ना कुणी लिहितंच, "आपल्याकडं हे सुख नाही." मला हे अजिबात पटत नाही. ऑक्टोबरात आपली झाडं पावसाचं पाणी पिऊन हिरवीगार उभी असतात, त्यांनी तेव्हा पानं का म्हणून टाकायची? त्यांना पाणी वाचवायचं असतं ते पुढच्या कोरड्या महिन्यांत. म्हणून आपली पानगळ संक्रांतीच्या आसपास जोर धरते आणि होळीपर्यंत चालते. आत्ता ती ऐन भरात आहे, तेव्हा हा धागा आत्ताच काढते.

सगळ्यात आधी देशी बदाम बघा. जुन्या कॉलन्यांत, शाळांच्या आवारात, बंगल्याच्या फाटकाशी हे झाड हमखास सापडतं. फांद्या मजल्यामजल्यांनी आडव्या पसरलेल्या, आणि एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, तांबूस, गर्द लाल अशी सगळ्या वयांची पानं. एक पान हातात घेऊन उन्हाकडं धरा. मधली शीर आणि तिचे फाटे पिवळसर राहतात, शिरांमधला भाग लाल होत जातो, आणि कुठंतरी हिरव्याचा एखादा ठिपका अजून अडकलेला असतो. पानगळीच्या फोटोत मला नुसत्या लाल रंगापेक्षा त्या लालाच्या आतल्या या छटा हव्या असतात. आणि कॅमेरा काय, एडिटिंगचं सॉफ्टवेअर काय, दोघंही घाईघाईत आधी त्या छटाच मारतात. या धाग्यात मला मुख्यतः एवढंच बोलायचंय.

बदामाखालोखाल ताम्हण. त्याच्या फुलांचे फोटो सगळे काढतात, राज्यफुलाचा मान आहे त्याला, पण गळायच्या आधी त्याचं पान तांब्याच्या रंगाचं होतं तिकडं फारसं कुणी बघत नाही. देवचाफा पिवळा होऊन उघडा पडतो. सीताफळीची पानंही पिवळी होतात.

रंग येतो कसा हे कळलं की कुठं उभं राहायचं तेही कळतं. पानातलं हरितद्रव्य मोडायला लागलं की आधीपासून खाली दडलेला पिवळा, म्हणजे कॅरोटिनॉइडचा रंग, उघडा पडतो. लाल मात्र पान म्हातारं होताना नव्यानं तयार करतं. तो अँथोसायनिनचा, आणि तो भरपूर तयार व्हायला ऊन लागतं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा हे आपलं जानेवारीचं हवामान त्याला मानवतं. त्यामुळं बदामाची उन्हाकडची बाजू आधी रंगते, आतल्या सावलीतली बरीच पानं पिवळी होऊनच गळतात. झाडाला आधी एक पूर्ण फेरी मारा, मग कॅमेरा काढा.

आता उजेड. पानावर पडलेल्या उजेडापेक्षा पानातून आलेला उजेड घ्या. सूर्य झाडामागं, तुम्ही सावलीच्या बाजूला, सूर्याचं बिंब खोडाआड दडवलेलं, लेन्सला हूड लावलेलं. समोरून बघितलेलं मळकट तपकिरी पान मागून ऊन आलं की एकदम पेटतं. पण याला वेळ थोडा मिळतो. जानेवारीअखेर आपल्याकडं सूर्य सात-सव्वासातला उगवतो आणि नऊ वाजेपर्यंत बराच वर येतो. संध्याकाळी साडेचारनंतर पुन्हा तसं तिरकं ऊन मिळतं. मधल्या वेळेत घरी जाऊन सकाळचे फोटो बघावेत.

शेवटचं एक्स्पोजर, आणि ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टाऊन हॉलच्या बागेत बरेच जण जातात म्हणून तिथलंच उदाहरण देते. मागं ती १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली काळ्या दगडाची इमारत, आणि पुढं ऊन लागलेली फांदी. काळ्या दगडासमोर लाल-पिवळा रंग इतका उठून दिसतो की दुसरी पार्श्वभूमी शोधायला नको. पण फ्रेममध्ये काळं जास्त आलं की कॅमेऱ्याचं मीटर सगळं उजळ करायला बघतं आणि पानं जळतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा अंधारा करायचं सेटिंग, उणे एकपर्यंत न्या. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती ते दाखवणारा आलेख, एकत्रित बघू नका, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा लावा. एकत्रित हिस्टोग्राम ठीकठाक दिसत असताना लाल चॅनेल उजव्या भिंतीला टेकलेला असतो, आणि लाल चॅनेल तिथं चेपला गेला की पानाच्या शिरा गेल्याच समजा. मग उरतो नुसता लाल पट्टा.

एडिटिंगचं सविस्तर उद्या लिहिते. तोवर तुमचे अनुभव येऊ देत.

पाचगावकर
२५ जानेवारी, रात्री १०:०२

लई भारी धागा ताई. माझ्याकडं फक्त मोबाईल आहे. आमच्या गल्लीतला बदाम काढला तर फोटोत झाड लालेलाल दिसतंय खरं, पण पानं एकमेकांत चिकटल्यागत होतात, वेगळी अशी कळतच नाहीत. मोबाईलवर ह्यातलं काय जमण्यासारखं आहे काय?

तांबडमाती
२५ जानेवारी, रात्री १०:३५

@पाचगावकर दादा, बरंच जमतं. पानं चिकटतात याची दोन कारणं. पहिलं, मोबाईल "हे झाड आहे, हा निसर्ग आहे" असं ओळखून आपणहून रंग चढवतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सीन ओळखणारा पर्याय असेल तर तो बंद करा. दुसरं, एचडीआर. मागून ऊन असताना मोबाईल अनेक फोटो जोडून सावल्या उचलतो, त्यामुळं उजेडातलं पान आणि सावलीतलं पान एका पातळीवर येतात. ज्या फरकासाठी आपण तिथं उभे असतो तो फरकच जातो. एचडीआर बंद होत असेल तर करा. पानावर बोट टेकवून फोकस लॉक करा आणि शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. पडद्यावर फोटो जरा अंधारा वाटेल, वाटू द्या.

प्रो मोडमध्ये रॉ, म्हणजे मोबाईलनं रंग न चढवलेली कच्ची डीएनजी फाइल मिळत असेल तर तीच घ्या. आणि वाइड लेन्सनं अख्खं झाड कोंबण्यापेक्षा दोन किंवा तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर तिनं एकच फांदी काढा. अख्खं झाड मोबाईलच्या छोट्या सेन्सरवर आलं की एकेका पानाच्या वाट्याला पिक्सेल येतात तरी किती?

जुना रोल
२६ जानेवारी, सकाळी ७:४८

तांबडमाती ताई, विषय मनापासून मांडलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी स्लाइड फिल्मवर शिकलो. तिथं अर्ध्या स्टॉपचाही फरक दिसायचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), उजेडाची बाजू जळाली की कायमची गेली. म्हणून आम्ही पानाच्या सगळ्यात उजळ भागावर मीटर लावायचो आणि सावल्या काळ्या झाल्या तर होऊ द्यायचो. तुम्ही लाल चॅनेलबद्दल सांगितलं ते त्याच शिस्तीतलं आहे. १९९० साली फुजीची व्हेल्विया ही स्लाइड फिल्म आली तेव्हा सगळे तिच्या मागं लागले, कारण ती रंग भरभरून द्यायची. पण हिरवळीवरचं रंगलेलं झाड तिच्यावर काढलं की आधी हिरवळच डोळ्यांत घुसायची. आज सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगाच्या भडकपणाचा, स्लायडर टोकाला नेणारी पोरं तेच करतायत.

एक भर घालतो, पोलरायझरची, म्हणजे लेन्सपुढं लावून फिरवायच्या फिल्टरची. पानाचा वरचा थर मेणचट असतो. त्यावर आकाशाचा उजेड चमकतो आणि रंगावर पांढुरका लेप बसतो. पोलरायझर फिरवला की तो लेप उतरतो आणि खालचा खरा रंग वर येतो. हे काम सॉफ्टवेअरमध्ये करता येत नाही, कारण लेपाखालची माहिती फाइलमध्ये आलेलीच नसते. सूर्य तुमच्या खांद्याच्या रेषेत, म्हणजे बाजूला असताना त्याचा परिणाम सगळ्यात जास्त. सूर्य समोर असताना फार उपयोग नाही, तेव्हा काढून ठेवा, उगाच दीड-दोन स्टॉप उजेड खातो. रंकाळ्याच्या काठी मात्र जपून. पूर्ण फिरवला तर पाण्यातलं प्रतिबिंबही पुसून टाकतो. डोळा लावून हळू फिरवायचा आणि प्रतिबिंब शाबूत असताना थांबायचं.

बाकी एडिटिंगबद्दल माझं मत कडक आहे. जे कॅमेऱ्यात आलं ते आलं.

रंगपेटी
२६ जानेवारी, सकाळी ११:२०

वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी बागेतले फोटो घेतो आणि लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरव्या आणि पिवळ्याचा ह्यू, म्हणजे रंगाची जात, सरळ केशरीकडं ढकलतो. दोन मिनिटांत अख्ख्या बागेत पानगळ. लोकांना आवडतं, लग्नाआधीच्या फोटोशूटवाल्या जोडप्यांना तर हेच हवं असतं. त्यासाठी जानेवारीत पहाटे उठून बदाम कशाला शोधायचा?

गवतफूल
२६ जानेवारी, दुपारी १:०५

@रंगपेटी, मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तेव्हा माझा आक्षेप वेगळ्या बाजूनं आहे. तुमच्या फोटोत आंबा केशरी, अशोक केशरी, नारळाच्या झावळ्या केशरी, खालची हिरवळही केशरी. आपल्याकडचा माणूस आंब्याचं झाड बघत मोठा झालेला असतो. आंबा एकदम सगळी पानं टाकत नाही, केशरी तर नाहीच नाही. नाव सांगता आलं नाही तरी बघणाऱ्याला काहीतरी खोटं असल्याचं जाणवतंच.

शिवाय आपल्या बागेचं पानगळीतलं रूपच असं आहे की एक झाड रंगतं आणि शेजारची चार हिरवी राहतात. थंड प्रदेशात रान एका दमात रंगतं, कारण थंडी सगळ्यांना एकदमच गाठते. इथं प्रत्येक झाडाचं आपलं वेळापत्रक. एका आवारात एक बदाम लाल आणि दहा पावलांवरचा दुसरा बदाम अजून हिरवाच, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवते. हिरव्यातलं ते एकटं लाल झाड हाच आपला फोटो आहे. सगळंच केशरी केलं की तो एकटेपणा गेला.

रंगपेटी
२६ जानेवारी, दुपारी २:३०

हिरव्यातलं एक लाल झाड, हे पटलं. आंब्याचंही पटलं. मग तांबडमाती ताई, त्या एका झाडाचा रंग न मारता एडिट कसं करायचं ते नीट, स्लायडरच्या नावानिशी सांगा. आज लिहिणार होता ना?

तांबडमाती
२६ जानेवारी, रात्री ९:४५

सांगते. मी लाइटरूममधली नावं वापरते. डार्कटेबल हे दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात हे सगळं होतं. २०२४ मध्ये आलेल्या ४.८ आवृत्तीपासून तर त्यात कलर इक्वलायझर आहे, रंगवार काम त्यातून सोपं पडतं.

सुरुवात व्हाइट बॅलन्सपासून. ऑटोवर ठेवलं तर कॅमेऱ्याला फ्रेममधला पिवळा-लाल ही उजेडाची खोड वाटते आणि तो त्यावर निळा ओततो. पानगळ विझून जाते. म्हणून रॉ फाइलमध्ये डेलाइट, म्हणजे ५५०० केल्विनच्या आसपास ठेवा आणि त्या सकाळच्या सगळ्या फोटोंना तेच लावा. एकाच झाडाचे पाच फोटो पाच उष्णतेचे दिसले की मालिका तुटते.

मग प्रोफाइल, म्हणजे फोटो उघडतानाच लागणारा रंगांचा तयार साचा. व्हिविड, लँडस्केप असली नावं टाळा. ती उघडतानाच लाल चेपतात आणि मग आपण तासभर त्याच्याशी झुंजत बसतो. स्टँडर्ड किंवा न्यूट्रल घ्या. फोटो फिका दिसेल, तिथूनच चढायचं.

एक्स्पोजर आणि हायलाइट्स जुळवताना हिस्टोग्रामच्या उजव्या कोपऱ्यातला त्रिकोण बघत राहा. तो लाल झाला म्हणजे लाल चॅनेल कापला जातोय. हायलाइट्स खाली आणून भागलं नाही तर लाल रंगाचं सॅच्युरेशन पाच-दहा अंकांनी कमी करा. उलटं वाटेल, पण करून बघा. पानात शिरा परत येतात, आणि शिरा आल्या की तेच पान आधीपेक्षा जास्त लाल वाटतं.

आता रंगवार पॅनेल. इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आपल्याला हिरवी दिसणारी हिरवळ आणि झाडी सॉफ्टवेअरच्या हिशेबात बरीचशी पिवळ्यात मोडते. उन्हातलं गवत उचलून बघा, हिरवा स्लायडर हलवून फारसं काही होत नाही, पिवळा हलवला की सगळी बाग हलते. त्यामुळं बदामाची पिवळी पानं थोडी उबदार करायला म्हणून पिवळ्याचा ह्यू सरकवला तर हिरवळही पिवळी पडते. यावर उपाय मास्क, म्हणजे फोटोचा ठरावीक भाग निवडून फक्त त्यावरच काम करणं. रंगाच्या आधारानं निवड करणारा कलर रेंज मास्क घ्या, पानावर टिचकी मारा, आणि ब्रशनं हिरवळ त्यातून वजा करा. पाच मिनिटांचं काम आहे.

हिरवळीचं उलटं करायचं. तिचं सॅच्युरेशन कमी, ल्युमिनन्स, म्हणजे रंगाचा उजळपणा, तोही थोडा कमी. शेजारचा हिरवा शांत झाला की लाल आपोआप वर येतो, त्याला हात लावायची गरजच उरत नाही. जुना रोल काकांनी व्हेल्वियाच्या हिरवळीचं सांगितलं ना, त्याचं उत्तर हेच. आणि केशरीचा ल्युमिनन्स थोडा वाढवा, मागून ऊन आलेली पानं त्यानं उजळतात. लालाचा मात्र वाढवू नका, गुलाबी झाक येते.

झाडाखालच्या सावल्या निळसर असतात, कारण तिथं ऊन नाही, आकाशाचा उजेड आहे. बरेच जण ती निळाई काढून टाकतात. राहू द्या ती. तिच्या शेजारी गळलेलं पिवळं पान दुप्पट उबदार दिसतं. आपल्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थाची जी निसर्गचित्रं केली, त्यांत रंग किती आवरून वापरलाय आणि तरी उजेड कसा भरून राहिलाय, ते बघण्यासारखं आहे. टाऊन हॉलच्या संग्रहालयात कोल्हापूरच्या चित्रकारांची कामं आहेत. फोटोग्राफरनं तिथं जाऊन नुसत्या सावल्यांचा रंग बघत उभं राहावं, असं मी प्रत्येकाला सांगते.

बारकावे ठसठशीत करणारं क्लॅरिटी आणि टेक्स्चर बदामाच्या जून पानाला शोभतं, ते पान मुळात चिवट, डागाळलेलं असतं. पण अख्ख्या फोटोला लावू नका, मागच्या फांद्यांचा गुंता पुढं येतो. आणि व्हायब्रन्स, सॅच्युरेशन सगळ्यात शेवटी. इथवर नीट आलात तर बहुतेक वेळा त्यांना शून्यावरच ठेवावंसं वाटेल.

@जुना रोल काका, "कॅमेऱ्यात आलं ते आलं" याच्याशी मी आदरानं असहमत आहे. रॉ फाइल ही स्लाइड नाही, निगेटिव्हच्या जवळची वस्तू आहे. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना डार्करूममध्ये कुठं उजेड जास्त द्यायचा, कुठं हात आडवा धरायचा हे ठरवावंच लागायचं.

जुना रोल
२७ जानेवारी, सकाळी ८:१५

डार्करूमचा मुद्दा मान्य. डॉजिंग-बर्निंगमध्ये आमचीही हयात गेली. तुम्ही म्हणता तो मास्क म्हणजे आमचा हातच. फक्त आंबा केशरी करू नका म्हणजे झालं.

सह्यकडा
२७ जानेवारी, रात्री ८:२०

धुक्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. थंडीत पहाटे पंचगंगेच्या बाजूला, रंकाळ्यावर धुकं असतं, आणि हंगाम सुरू असल्यानं गुऱ्हाळांचा, पाचट पेटवल्याचा धूरही हवेत असतो. धूर वाईटच, त्यात दुमत नाही. पण त्या हवेतून आलेलं ऊन मऊ असतं. मागची झाडं एकेक पडद्यानं फिकी होत जातात आणि पुढचं रंगलेलं झाड सुटून दिसतं.

असा फोटो एडिट करताना डीहेझ लावला की सगळं संपतं. तो स्लायडर धुकं कमी करताना काळे आणखी काळे करतो, रंगही चढवतो. मागची झाडं पुढं येऊन चिकटतात. लावायचाच तर फक्त पुढच्या झाडाच्या मास्कवर, अगदी थोडा.

शहराबाहेर जाणाऱ्यांना अजून एक. पन्हाळ्याच्या वाटेवर या दिवसांत उसाला तुरे आलेले असतात. सूर्य मागं ठेवून बघा, रुपेरी-गुलाबी दिसतात. शेतकऱ्याला तुरा आलेला ऊस आवडत नाही, पण फोटोत पानगळीच्या रंगांशी तो छान जुळतो.

आणि मार्चमध्ये राधानगरी, आंबा घाटाकडं गेलात तर कुसुंब चुकवू नका. अख्खं झाड लाल.

गवतफूल
२७ जानेवारी, रात्री ९:००

कुसुंबाचं नाव निघालंच आहे तर सांगते, तो लाल वेगळा. ती पानगळ नाही, पालवी आहे. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं भरायच्या आधी अँथोसायनिन असतं, कडक उन्हापासून त्या नाजूक पानाला त्याचं संरक्षण मिळतं असं मानतात. पिंपळाची फेब्रुवारी-मार्चमधली तांबूस पालवीही त्याच जातीची. फोटोत फरक करायला हवा. गळणारं पान कोरडं, खरबरीत, त्याला टेक्स्चर चालतं. पालवी पातळ, तुकतुकीत, जवळजवळ पारदर्शक. तिला टेक्स्चर लावलं की ती जून दिसते.

दूरदेशी
२८ जानेवारी, पहाटे ३:४०

मूळची मंगळवार पेठेतली, सध्या इंग्लंडात. धागा वाचून राहवलं नाही.

इथं विल्टशरमध्ये स्टाउरहेड नावाची बाग आहे. हेन्री होअर यानं १७४१ ते १७८० या काळात ती रचली, १९४६ पासून ती वारसास्थळं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडं आहे. पाणी अडवून तळं केलंय, काठानं पॅन्थिऑन, अपोलोचं देऊळ, कमानींचा दगडी पूल, आणि मधे बीच, मेपल, ट्यूलिप ट्री. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला रंग असा असतो की तळ्यात दुसरी बाग दिसते.

तांबडमाती ताईंनी वेळेचं लिहिलंय त्याबाबत इथला फरक सांगते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथं भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांवरच असतो. म्हणजे ढग नसतील तर दिवसभर तिरकं ऊन. कोल्हापुरात जानेवारीअखेर दुपारी तो पंचावन्न अंशांच्या आसपास जातो. इथले ट्युटोरियल वाचून "दुपारी बारालाही चालतं" असं कुणी कोल्हापुरात करायला गेलं तर हाती चपटे फोटो येतील.

आणि बाग रचलेली असते, ही गोष्ट मला इथं फिरून कळली. तळ्याभोवती चालताना प्रत्येक वळणावर एक देखावा उघडतो, तो कुणीतरी ठरवून ठेवलेला असतो. पूल पुढं, देऊळ मागं, मधे पाणी. फोटोग्राफरनं आधी ती ठरवलेली जागा शोधायची. आपल्याकडच्या बागांत अशा जागा कुठल्या, ते कुणीतरी लिहा. मी मेमध्ये येते तेव्हा पानगळ नसते, पण जागा तरी बघून ठेवीन.

तांबडमाती
२८ जानेवारी, रात्री १०:१०

@दूरदेशी ताई, अंशांचा हिशेब दिलात ते फार बरं केलंत.

जागांबद्दल: रंकाळ्याच्या पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडं बघितलं की पाण्यापलीकडं शालिनी पॅलेस आणि त्याची झाडी दिसते. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून थेट पॅलेसवर पडतं, तेव्हा रंग आणि प्रतिबिंब मिळतं. संध्याकाळी सूर्य पॅलेसमागं जातो, तेव्हा फक्त आकार मिळतात. पानगळीसाठी सकाळ. वारा सुटायच्या आधी पोहोचा, नाहीतर पाण्यावर लहरी येतात आणि प्रतिबिंब मोडतं.

टाऊन हॉलला इमारतीपासून लांब, झाडांच्या आत शिरून उभं राहायचं. जवळच्या फांदीची कमान वर, मधे सावली, टोकाला काळ्या दगडाचे निमुळते मनोरे. ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स असेल तर मनोरे फांदीच्या जवळ ओढता येतात. लेन्सचं छिद्र एफ ८, आणि पानं हलत असतील तर शटर १/५०० च्या खाली नको, आयएसओ वाढला तरी चालेल.

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात रचलेला देखावा कमी आणि मोकळीक जास्त. या दिवसांत तिथलं वाळलेलं गवत सोनेरी होतं. त्यात एकटं झाड ठेवून फ्रेम करायला तेवढी मोकळी जागा शहरात दुसरीकडं मिळणं अवघड.

पाचगावकर
३० जानेवारी, संध्याकाळी ६:५०

ताई, सांगितल्याप्रमाणं सगळं बंद करून, एक्स्पोजर खाली ओढून, तीन पट लेन्सनं एकच फांदी काढली. पानं सुटली की! एका पानाला किडीनं पाडलेली भोकंसुद्धा दिसतायत आणि त्यातनं ऊन आलंय. डीएनजी स्नॅपसीडमध्ये उघडतंय. आता हिरवं खाली आणायला त्यात काय करू? तुमचा तो मास्क त्यात सापडंना.

तांबडमाती
३० जानेवारी, रात्री ९:०५

वा! भोकांतून आलेलं ऊन ठेवाच, ते पुसायचं टूल वापरू नका.

स्नॅपसीडमध्ये सिलेक्टिव्ह म्हणून साधन आहे. हिरव्या भागावर बोट टेकवून बिंदू ठेवा, दोन बोटांनी त्याचं वर्तुळ लहान-मोठं करा, मग वर-खाली सरकवून सॅच्युरेशन निवडा आणि डावीकडं ओढा. मागं हिरवं तीन-चार ठिकाणी असेल तर तेवढे बिंदू ठेवा. लाल पानावरही एक बिंदू ठेवा आणि त्याचं काहीच बदलू नका, म्हणजे शेजारच्या बिंदूचा परिणाम त्याच्यावर कमी चढतो.

रंगपेटी
१ फेब्रुवारी, रात्री ११:१५

ताम्हण काढला, मास्क वापरून केला. हिरवळ खाली आणल्यावर काय फरक पडतो ते बघून थक्क झालो. पुढच्या महिन्यात आम्ही काही जण मिळून शाहू स्मारकच्या कलादालनात छोटं प्रदर्शन भरवायच्या विचारात आहोत. स्क्रीनवर हे लाल सुंदर दिसतंय, पण प्रिंट मळकट येईल काय अशी भीती वाटते. काय काळजी घेऊ?

तांबडमाती
२ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

भीती रास्त आहे. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद नुसता परावर्तित करतो. आधी मॉनिटरची ब्राइटनेस निम्म्यापर्यंत आणा आणि रात्री पडदा पिवळट करणारं सेटिंग बंद करा. ते चालू ठेवून पानगळ एडिट केली तर सकाळी सगळे फोटो निळे निघतात.

मग प्रिंटवाल्याकडून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल, मागून घ्या आणि लाइटरूममध्ये सॉफ्ट प्रूफिंग चालू करा. कागदाला न झेपणारे रंग तिथं वेगळ्या रंगात दाखवले जातात, पानगळीत ते बहुधा गर्द लाल आणि केशरीच असतात. तेवढ्यांचं सॅच्युरेशन कमी करत जायचं, छटा परत दिसेपर्यंत. मॅट कागदावर गर्द लाल थोडे बसतात, लस्टरवर, म्हणजे अर्धवट चकाकीच्या कागदावर, जास्त खुलतात. दालनात वरून दिवे असतात, त्यामुळं चकचकीत ग्लॉसी नको, दिव्यांचे ठिपके दिसतात.

मोठे प्रिंट काढायच्या आधी एका ए-फोर कागदावर चार फोटोंच्या पट्ट्या छापून घ्या आणि त्या खिडकीतल्या उजेडात बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको. ताम्हणाच्या पानातली तांबूस आणि लाल वेगळी दिसत असेल तर मोठा प्रिंट काढायला हरकत नाही. नसेल तर फाइल मला पाठवा, लाल चॅनेल बघून सांगते. प्रदर्शनाची तारीख ठरली की इथंच लिहा, गवतफूल ताईंना झाडांच्या नावाच्या चिठ्ठ्या करायला आठवडाभर तरी लागेल.

गवतफूल
२ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

चिठ्ठ्या करते. फक्त प्रत्येक फोटो कुठल्या महिन्यात काढला तेही मला कळवा, ते प्रत्येक चिठ्ठीवर आलंच पाहिजे.